पॅसेजच्या टोकाचं घड्याळ

१

आईला घरात फिरायला काठी लागत नसे, भिंतीचा आधार लागत नसे, आणि कुणाचा हात तर मुळीच चालत नसे. तिला लागायचं फक्त घड्याळ.

काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले तेव्हा बाबा होते. त्यांनीच बैठकीच्या खोलीतलं लंबकाचं घड्याळ उतरवून पॅसेजच्या पार टोकाला, आडव्या भिंतीवर नेऊन टांगलं. त्याचे टोल बंद करून टाकले आणि म्हणाले, "हे आता बघायचं घड्याळ नाही. ऐकायचं." तेव्हापासून आई टिकटिकीच्या रोखाने चालायची. टिकटिक छातीशी आली की डावीकडे स्वयंपाकघर. गळ्याशी आली की उजवीकडे झोपायची खोली. कपाळावर आली की न्हाणीघर, आणि त्यापुढे भिंत. भिंतीपलीकडे काही नाही. तिसऱ्या मजल्यावरची मोकळी हवा, आणि खाली सायकली लावायची जागा.

नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तिने एकदा स्वतःच्या हाताने चहा नेऊन दिला. कुणीतरी सांगितलं की बाईंना दिसत नाही, तर तो खो खो हसला. "दिसत नाही, मग माझ्या चपला आडव्या पडल्यात म्हणून मघाशी माझ्यावर का ओरडल्या?"

"अडखळले म्हणून ओरडले," आई म्हणाली. "दिसत असतं तर उचलून खाली फेकल्या असत्या."

अशा आईच्या पोटी ससुली कशी जन्मली हे कोडंच होतं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची, म्हणून तिचं नाव ससुली पडलं आणि पदवीचं प्रमाणपत्र आल्यावरही ते गेलं नाही. मोठी बहीण लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, बाबा मागच्या वर्षी गेले, आणि घरात आई आणि ससुली उरल्या. ससुली घरबसल्या शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. ओळ जराशी खाली-वर झाली तर तिचं डोकं दुखायचं. त्यामुळे ते घड्याळ तिच्या डोळ्यांत कायम खुपायचं. कारण बाबांनी ते वाकडं टांगलं होतं. वरचा खिळा बरोबर, पण डाव्या कुशीला आणखी एक खिळा ठोकून त्यांनी ते एका अंगाला कलतं धरलं होतं, कान देऊन ऐकणाऱ्या माणसाच्या मानेसारखं.

"तो कडेचा खिळा काढून सरळ करू का गं?" तिने किती वेळा विचारलं असेल.

"हात लावून तर बघ," आई म्हणायची.

एका सकाळी पॅसेजच्या टोकाला बारीक 'टिच्' असा आवाज झाला, मग घड्याळाच्या पेटीत काहीतरी धप्पकन पडलं. ससुलीच्या हातातलं पेन उडालं. आई बैठकीच्या खोलीच्या मधोमध, हातात रिकामी कपबशी घेऊन उभी होती. ती हलली नाही. मान इकडून तिकडे वळवत राहिली.

"ससुले," ती म्हणाली, "दिवे गेले का गं?"

२

दुपारपर्यंत आईने दाराची चौकट कपाळात मारून घेतली होती. संध्याकाळपर्यंत ताईला ते कळलं होतं, कारण ससुलीच्या पोटात काही राहत नसे.

"ताकद तिच्यात नाही आणि धीर तुझ्यात नाही," ताई फोनवर म्हणाली. "रविवारी मी येते आणि आईला घेऊन जाते. पडली-झडली म्हणजे?"

"मी नाही जायची," आई मागून ओरडली. "तिचं घर मला पाठ नाही. तिथे मी फर्निचर होऊन बसेन."

आई ओरडली खरी, पण रात्री अंथरुणावर ससुलीचा हात धरून बसली. तिने तसा कुणाचा हात धरलेला ससुलीला आठवत नव्हता. हात थंड पडला होता.

सकाळी ससुली घड्याळवाल्याकडे गेली. जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात तो डोळ्याला भिंग चिकटवून बसला होता. वर न बघताच म्हणाला, "पेशंट आहे की प्रेत?"

"फक्त हाड आणलंय," ससुली म्हणाली आणि तिने कागदाची पुडी पुढे केली.

पुडीत दोन तुकडे होते. लंबक ज्यावर टांगलेला असतो ती पोलादाची पट्टी. कागदाइतकी पातळ, दोन्ही टोकांना पितळेचे चिमटे, आणि बरोबर मधोमध तुटलेली.

"एवढ्याशा हाडावर सगळा नाच असतो," तो म्हणाला. "बाकीचं धूड कुठाय?"

"घरी, जेवणाच्या टेबलावर. ते जड आहे हो काका, आणि आम्हाला लगेच हवंय. नवी पट्टी मिळेल का?"

"नवी मिळत नाही. घड्याळ आणून द्या, मापाची करून लावतो. पंधरा दिवस धरा."

"पंधरा दिवसांनी काय उपयोग? रविवारच्या आत चालू झालं नाही तर आई जाईल."

घड्याळवाल्याने भिंग काढलं आणि हात कपाळाला लावले. "अरेरे. डॉक्टर काय म्हणतात?"

"तशी नाही हो जात! ताईकडे जाईल."

"मग असं नीट सांगा ना, मॅडम! माझा जीव घेता की काय सकाळी सकाळी?" त्याने खणातून पोलादी पट्टीची एक गुंडाळी काढली, बोटभर तुकडा तोडून दिला. "घरीच करा. जुन्या तुकड्याच्या मापाने कापा, चिमट्यांत धरा, टांगा. आणि चावी पूर्ण द्यायची. शेवटची कधी दिली होती?"

"आई देते," ससुली म्हणाली.

३

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून तिने घड्याळ आडवं ठेवलं होतं. वर गोल तबकडीचं काचेचं दार, खाली लंबकाचं लहान दार. लंबक तिच्या हातात होता. पितळेची तबकडी, लांब दांडी, वाटला होता त्यापेक्षा जड. दुपार होती. बैठकीच्या खोलीत ऊन लख्ख होतं. पॅसेजला खिडकी नसल्याने तिथे नेहमीसारखा मातकट उजेड. टोकाच्या भिंतीवर घड्याळाच्या जागी फिकट चौकोन राहिला होता, डावीकडे कललेला.

आई खुर्चीवर बसून होती. दोन दिवस ती अशीच बसून होती. उठायचं झालं की ससुलीला हाक. ससुली पितळेच्या चिमट्याचा स्क्रू सैल करत होती, एवढ्यात आई उठली.

"थांब, मी येते," ससुली म्हणाली.

"कशाला?"

आणि आई चालायला लागली. सपाता घासत, पण सरळ. टेबलाला वळसा घालून पॅसेजमध्ये शिरली. भिंतीला हात नाही, चाचपडणं नाही. ससुली बघत राहिली. आई डावीकडे वळली, स्वयंपाकघरात भांड्यावरचं झाकण वाजलं, पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि पेला हातात घेऊन ती परत आली. एक थेंब सांडला नव्हता.

"आई, कशी गेलीस?"

"कशी म्हणजे? पायांनी." आईने पाणी पिऊन पदराला तोंड पुसलं. तिचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता. "शाब्बास गं पोरी. लावलंस बाई एकदाचं. मला वाटलं नव्हतं जमेल."

ससुलीच्या हातातला लंबक तसाच होता.

"पण जरा मागे टांगलंस का?" आई म्हणाली. "लांबून येतंय."

ससुलीने कान दिला. खाली कुणीतरी सायकल स्टँडवर लावली. फ्रिज घरघरला आणि थांबला. आणखी काही नाही.

तिने स्वतःला समजावलं. अशी समजूत घालण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. पाय कापलेल्या माणसालाही त्या पायाला खाज सुटते, हे ती कॉलेजात शिकली होती. तसंच कानाचंही असेल. इतक्या दिवसांची सवय, मेंदू स्वतःच टिकटिक करत असेल. बरंच आहे की! आई चालते आहे ना? मग झालं तर. कशाला उगाच सांगून तिचे पाय पुन्हा बांधायचे?

म्हणून ती बोलली नाही. पण खुर्ची मात्र तिने फिरवून घेतली, पॅसेज डोळ्यांसमोर राहील अशी.

४

पट्टी कापायला बारीक कात्री पुरली. जुन्या तुकड्यावर नवा ठेवून तिने कडा जुळवल्या, कानशीने घासल्या, पुन्हा जुळवल्या. हे काम तिला आवडलं. रेघ सरळ येत होती. पट्टी चिमट्यांत बसली आणि तिने ती बोटाने हलकेच उडवून पाहिली. थरथरली, स्थिर झाली. आता फक्त चावी.

चावी पेटीच्या तळाशीच पडलेली होती. तिने तबकडीवरच्या भोकात ती घालायला घेतली, तर जाईना. वाकून पाहिलं. भोकावर कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धूळ धरून जाड झालेलं, कापडासारखं.

"आई," ती वाकलेलीच राहून म्हणाली. "आई, घड्याळाला चावी कधी दिली होतीस?"

"मी कशाला देऊ?" आई खुर्चीतून म्हणाली. "बाबा गेल्यापासून तूच देतेस ना?"

ससुलीने टूथपिकने जाळं काढलं. चावी घालून फिरवली. आतली स्प्रिंग पार सैल होती. चावी फिरत राहिली, फिरत राहिली, आणि बऱ्याच वेळाने कुठे जोर लागायला लागला. तुटली तेव्हा सैल पडली असेल, तिने म्हणून पाहिलं. पट्टी तुटली तर स्प्रिंग सैल पडते का? जाळं दोन दिवसांत एवढं जाड होतं का? काटे किती वाजता थांबले आहेत हेही तिने आजवर पाहिलं नव्हतं. वेळ मोबाइलवर बघायची. घड्याळ ऐकायचं होतं, आणि ऐकू तर येत होतं. मागचं सबंध वर्ष ऐकू येत होतं.

मग ती टिकटिक कुणाची होती?

आई पुन्हा उठली होती. "न्हाणीघरात जाऊन येते," म्हणाली, आणि ससुलीने मान वर करेपर्यंत तिची पाठ पॅसेजच्या मातकट उजेडात गेली होती. ससुली चावी धरून बसून राहिली. सपातांचा आवाज ऐकत. स्वयंपाकघराचं दार मागे पडलं असेल. झोपायच्या खोलीचं पडलं असेल. आता न्हाणीघर. आता कडी वाजेल.

कडी वाजली नाही. सपाता चालत होत्या.

पॅसेज केवढा? एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाच्या अंगावर यावं एवढा. तो कधीच संपायला हवा होता. सपाता एकसारख्या घासत होत्या, बारीक होत होत्या, आणि फरशीवरून चालल्याचा तो आवाज नव्हता. लाकडावरून चालल्यासारखा पोकळ होता. घरात लाकडाची जमीन नव्हती.

"आई!"

ती धडपडत उठली, खुर्ची मागे पडली. पॅसेजच्या तोंडाशी आली तर आई टोकाला होती. भिंतीकडे पाठ करून, परत यायला निघालेली. कपाळ भिंतीला लागलं असावं, तिथे चुना होता.

"ओरडतेस काय? आले ना." आई जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तिकडे कोण आलंय गं?"

"कुठे?"

"तिकडे, घड्याळापाशी. माझ्यासारखंच आहे बिचारं. चाचपडत होतं. भिंतीवरून हात फिरवल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, कोण? तर गप्प. घाबरलं असेल. तुझ्या जातीतलं दिसतंय."

५

घड्याळ भिंतीवर चढवायची ससुलीला घाई झाली होती. एकदा हे चालू झालं, की आईच्या कानात खरी टिकटिक पडेल, आणि ती दुसरी, असली तर, नसलीच तर प्रश्न नाही, पण असली तर त्यात बुडून जाईल. एवढंच तिच्या डोक्यात होतं. आईला झोपायच्या खोलीत बसवून तिने दाराला आतून कडी घातली होती. दुसऱ्या कुठल्या नाही, घराच्या मुख्य दाराला. तिसऱ्या मजल्यावरून भिंतीतून कोणी बाहेर जात नाही. जायचं तर दारानेच जाणार.

वरच्या खिळ्यावर घड्याळ बसलं. डावीकडचा खिळा मात्र आडवा आला. घड्याळ त्याच्यावर टेकून पुन्हा तसंच वाकडं उभं राहिलं. ससुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला एकदम रडू आलं. त्या वाकडेपणाने. सगळंच वाकडं झालं होतं, निदान हे एक तरी सरळ असावं! तिने पक्कड आणली आणि खिळा उपटून काढला. घड्याळ आपल्या वजनाने डुललं आणि ओळंब्यात उभं राहिलं. मुद्रितातल्या चौकटीसारखं, सरळ.

तिने खालचं लहान दार उघडून लंबक टांगला आणि बोटाने ढकलला.

टिक टॉक... टिक टॉक... टिक टॉक.

चालू झालं! ससुली हसली. "आई, आलं का ऐकू?"

आई झोपायच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मान तिरकी करून ऐकलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे कुठलं?"

"आपलंच. आताच लावलं."

"आपलं नाही. हे लंगडतंय." आईने बोटाने हवेत ताल धरला. "बघ. एक पाय आखूड आहे याचा. आपलं असं कुठे चालतं? आपलं ते तिकडे आहे, सरळ चालतंय."

"तिकडे काही नाही, आई!"

"तुला ऐकू येत नाही म्हणजे नाही असं थोडंच आहे? मला दिसत नाही म्हणून तू नाहीस का?"

ससुलीने ऐकलं. खरंच, टिक आणि टॉक यांच्यातली अंतरं सारखी नव्हती. कललेलं होतं म्हणून ते सरळ चालायचं. सरळ केल्यावर लंगडं झालं. तिला खिळा आठवला. आत्ता ठोकते, म्हणून ती हातोडी आणायला वळली, आणि तेवढ्यात फोन वाजला. ती दचकली. ताई.

"घड्याळाचं काय झालं?" ताई विचारत होती. "सामान भरायला सांगू का आईला?"

"झालंय, झालंय चालू," ससुली म्हणाली आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून बैठकीच्या खिडकीपाशी गेली. "ताई, तू आज येशील का? आज, रविवारी नको. मला भीती वाटतेय."

"तुला कधी वाटत नाही?"

"ताई, हसू नकोस..."

ती बोलत होती तेव्हा पॅसेजमध्ये सपाता घासल्या. तिने पाहिलं नाही असं नाही. तिने वळून पाहिलं. फक्त वळेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा गेला.

६

स्वयंपाकघरात आई नव्हती. झोपायच्या खोलीत नव्हती. न्हाणीघराचं दार उघडं होतं आणि आत बादली तेवढी होती. ससुलीने पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, मुख्य दाराची कडी पाहिली. कडी आतून होती. खिडक्यांना गज होते. ती परत पॅसेजमध्ये आली, आणि तिला सपाता ऐकू आल्या.

समोरून. भिंतीतून नाही, भिंतीच्या पलीकडून. पोकळ लाकडावर, सावकाश.

तिने घड्याळाशेजारी गाल भिंतीला लावला. "आई! आई, परत ये!"

"ससुले?" आवाज लांबून आला, गोंधळलेला. आईचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. आई हरवली होती. "अगं, येते कुठून? दोन-दोन ऐकू येतायत. तुझं लंगडतं, त्यावर पाय टाकला की पडायला होतं."

खिळा. खिळा कुठाय? तिने फरशीवर पाहिलं, वाकली, शोधलं; सापडेना. मग तिने काहीच शोधलं नाही. दोन्ही हातांनी घड्याळ धरलं आणि डावीकडे कलतं केलं. थोडं. आणखी थोडं. टिक टॉक... टिक, टॉक... टिक. टॉक. टिक. टॉक. पावलं सारखी पडू लागली.

"हां!" पलीकडून आई म्हणाली. "आता कसं!"

आणि सपाता वळल्या.

घड्याळ जड होतं, आणि सोडलं की ते पुन्हा सरळ होऊन लंगडणार होतं. तिला तसंच उभं राहायचं होतं. तोंड भिंतीकडे, पाठ पॅसेजकडे. सपाता जवळ येत होत्या. पण आता त्या समोरून येत होत्या की पाठीमागून, हे तिला सांगता येईना. आवाज मधेच फरशीचा झाला.

तबकडीवरच्या गोल काचेत पॅसेज दिसत होता. बैठकीच्या खोलीच्या उजेडाचा एक लहानसा उभा तुकडा, आणि त्यावर एक काळी आकृती, येणारी. आई. पदर, वाकलेला खांदा, आईच होती. काचेत मागचं दिसत होतं की आतलं, कोण जाणे. आईचा एक हात भिंतीवरून सरकत होता.

आई भिंतीला कधी हात लावत नसे.

ससुलीने डोळे बारीक केले. तो हात आईचा नव्हता. आईचे दोन्ही हात तिच्या पोटाशी होते. तो हात तिच्या मागून येत होता, तिच्या डोक्याच्याही वर, आणि भिंतीवरून चाचपडत पुढे पुढे सरकत होता. बोटं भिंतीला टेकायची, थांबायची, ऐकल्यासारखी.

७

खांद्यावर आईचा हात पडला. ऊबदार, ओळखीचा, चुन्याने खरखरीत झालेला.

"आले बाई," आई म्हणाली. तिला धाप लागली होती.

पावलं थांबली नव्हती. आई तिच्या पाठीशी उभी होती, तिच्या सपाता स्थिर होत्या, आणि तरी पॅसेजमध्ये काहीतरी पाय घासत टिकटिकीच्या रोखाने येत होतं. सारख्या पावलांनी. ससुलीने घड्याळ कलतं धरून टिकटिक जेवढी सारखी केली होती, तेवढ्याच सारख्या पावलांनी.

तिने एक हात सोडला, खालच्या दारातून आत घातला आणि लंबक मुठीत धरला.

घर गप्प झालं.

पावलंही थांबली. मागे गेली नाहीत. झोपायच्या खोलीच्या दाराशी कुठेतरी येऊन, तिथेच थांबली.

ससुली वळली. आईला तिने भिंतीशी दाबून धरलं आणि स्वतः पुढे झाली. बैठकीच्या खोलीतलं ऊन पॅसेजच्या तोंडापर्यंत आलं होतं. मधली जागा मातकट, रिकामी. दिसत तर काहीच नव्हतं. पण मुख्य दार त्या रिकाम्या जागेच्या पलीकडे होतं, फोन पलीकडे होता, आणि खिडकीपाशी टाकलेल्या त्या फोनमधून ताई बारीक आवाजात "हॅलो? हॅलो?" करत होती. तिच्या प्रत्येक हॅलोसरशी भिंतीचा चुना थोडासा खरवडला जात होता, कुणी मान वळवावी तसा. मग ताईने फोन ठेवला.

आता त्याला कुठूनच काही ऐकू येत नव्हतं. ससुलीने श्वास धरला. हललं नाही, बोललं नाही, तर ते दिशा चुकेल. तसंच मागे जाईल, कुठे जायचं तिथे. आईचं मनगट तिने घट्ट धरलं होतं. आई आहे. आई सापडली आहे. आता फक्त गप्प राहायचं.

"अगं," आई कुजबुजली, "असं मध्येच बंद करतात का?"

ससुलीने जोरजोरात मान हलवली. आईला ते दिसणार नव्हतं.

"बिचारं अर्ध्या वाटेत अडकलं ना," आई म्हणाली. "मला माहीत आहे कसं होतं ते."

आणि आईने जीभ टाळ्याला लावली. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. मायेने, सावकाश, एकही ठोका न चुकवता.

ससुलीने आईच्या तोंडावर तळवा दाबला. तळव्याखाली जीभ चालतच राहिली. आणि समोरच्या रिकाम्या पॅसेजमध्ये, फरशीवर, एक पाऊल उचललं गेलं.